नाणे खणखणीत आहे काय?

पारेख, सराफ, श्रॉफ, नाणावटी ही आडनावे व्यापारी समाजात इतकी परिचित आहेत की त्यांच्या अर्थाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. या नावांच्या मुळाशी एकच काम आहे : समोर आलेले नाणे खरे की खोटे, त्यात चांदी किती आणि हीण किती, हे ठरविण्याचे. परीक्षकाचा पारेख झाला, नाण्यांचा व्यवहार करणारा नाणावटी झाला, आणि अरबी ‘सर्राफ’ फारसीच्या वाटेने हिंदुस्थानात येऊन सराफ झाला. इंग्रजांच्या तोंडी सराफाचा ‘श्रॉफ’ झाला आणि त्यांच्या व्यापाराबरोबर तो शब्द चीनच्या किनाऱ्यावर उतरला. हिऱ्यांच्या व्यापारानिमित्त हाँगकाँगला जाणाऱ्या अनेकांनी तेथील वाहनतळावर पैसे भरण्याच्या खिडकीवर आजही ‘श्रॉफ’ अशी पाटी पाहिली असेल. शब्द तेथे टिकला, कारण त्यामागचे काम त्या किनाऱ्यावर फार मोलाचे होते.

चीनमध्ये शतकानुशतके रोजच्या किरकोळ व्यवहारासाठी तांब्या-पितळेची, मध्ये चौकोनी भोक असलेली नाणी चालत. मोठ्या व्यवहारातील चांदी मात्र तोलून दिली-घेतली जाई. होडीच्या आकाराच्या लगडी आणि ‘ताएल’ हे वजन, हीच त्या व्यवहाराची भाषा होती. हा ताएलही गावोगावी निरनिराळा असे. सरकारी खजिन्याचा ताएल सुमारे ३७.३ ग्रॅमचा. चहा आणि रेशीम विकत घेण्यासाठी युरोपीय व्यापाऱ्यांनी स्पॅनिश अमलातील अमेरिकेत पाडलेले चांदीचे डॉलर आणले. पुढे मेक्सिको स्वतंत्र झाल्यावर गरुडाचे चित्र असलेले मेक्सिकन डॉलर आले. हे परके नाणे चिनी व्यापारी डोळे मिटून घेत नसे. ते प्रथम सराफाकडे जाई. सराफ ते हातावर तोली, वाजवून पाही, कड न्याहाळी आणि पटले तर त्यावर आपल्या पेढीचा बारीक ठसा मारी.

हा ठसा म्हणजे नुसती खूण नव्हती. ‘हे नाणे मी पाहिले आहे, ते खरे आहे, आणि त्याबद्दल मी बांधील आहे’ असा त्याचा अर्थ होता. ज्याचा ठसा, त्याची जबाबदारी. हाती फिरता फिरता काही डॉलरांवर इतके ठसे पडत की मूळचे चित्र पुसून जाई आणि सपाट नाण्याला बशीसारखा खोलगटपणा येई.

ही विद्या शिकविण्याची सोयही होती. हर्बर्ट जाइल्स या इंग्रज चिनी-भाषापंडिताने १८७८ मध्ये नोंदविले आहे की कँटन शहरात सराफीच्या शाळा होत्या. तेथील शिक्षक विद्यार्थ्यांच्या सरावासाठी खोटे डॉलर मुद्दाम जपून ठेवीत. आणि आतली चांदी कोरून काढून तांबे किंवा शिसे कसे भरतात, देशी आणि परदेशी कडेतील फरक कसा ओळखावा, हे समजाविणारी सचित्र पुस्तकेही तेथे निघाली होती. चिनी चांदीची नाणी जमविण्याचा छंद जडलेल्या आजच्या संग्राहकाला या शाळेची आठवण ठेवणे आवश्यक आहे. कारण ज्या बाजारात तो पाऊल टाकतो, त्यात खोट्या नाण्यांचे प्रमाण फार मोठे आहे.

चीनने स्वतःची यंत्रावर पाडलेली चांदीची नाणी मोठ्या प्रमाणावर काढण्यास आरंभ केला तो क्वांगतुंग प्रांतात, १८८९ च्या सुमारास. प्रांताधिपती चांग ची-तुंग यांनी त्यासाठी बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीची यंत्रे आणविली. त्या नाण्यावर ड्रॅगन होता आणि ‘सात मेस दोन कँडरीन’ असे वजन कोरलेले होते. आजच्या मापात ते सुमारे २६.८६ ग्रॅम, म्हणजे सव्वादोन तोळ्यांहून किंचित अधिक भरते. पाठोपाठ अनेक प्रांतांनी आपापल्या टांकसाळी उघडल्या. प्रत्येकाचे ठसे वेगळे, कसही थोडाफार वेगळा. संग्राहकाला आज जी विविधता मोहविते, ती त्या काळच्या व्यापाऱ्याला डोकेदुखी होती.

या कहाणीत मुंबईचाही वाटा आहे. हाँगकाँग, मलाया आणि चीनचा किनारा येथील व्यापारासाठी ब्रिटिशांनी १८९५ पासून खास ‘व्यापारी डॉलर’ काढला. तो मुख्यतः मुंबईच्या टांकसाळीत पाडला जाई. एका बाजूला हाती त्रिशूळ आणि ढाल घेतलेली ब्रिटानिया, दुसऱ्या बाजूला मध्यभागी दीर्घायुष्याचे चिनी अक्षर आणि चिनी व मलायी लिपीत ‘एक डॉलर’ हे शब्द. वजन २६.९५ ग्रॅम, चांदी शेकडा ९०. त्रिशुळाच्या मधल्या टोकावर भिंगातून पाहिल्यास मुंबईचा निदर्शक ‘बी’ दिसतो. कलकत्त्याच्या नाण्यावर ‘सी’ असतो, पण त्याची जागा वेगळी. १९३५ पर्यंत हे नाणे निघत राहिले. त्यांतील १९२१, १९३४ आणि १९३५ या वर्षांच्या मुंबई नाण्यांची गणना दुर्मिळात होते.

उलट दिशेनेही एक धागा जातो. हिंदुस्थानी रुपया तिबेट आणि पश्चिम चीनमध्ये इतका रुळला होता की त्याला शह देण्यासाठी सेच्वान प्रांताने १९०२ पासून चेंगडू येथे आपला ‘रुपया’ काढला. आकार आणि वजन जवळजवळ हिंदुस्थानी रुपयाचे; फक्त व्हिक्टोरिया राणीच्या मुखाच्या जागी क्वांगशू सम्राटाचे मुख. सम्राटाचे मुखचित्र नाण्यावर येणे ही चीनमध्ये अपवादात्मक गोष्ट होती.

सबंध देशासाठी एकच नाणे काढण्याचा निश्चय छिंग राजवटीने १९१० मध्ये केला. तिआनजिनच्या टांकसाळीत त्यासाठी ड्रॅगनचे निरनिराळे नमुने कोरण्यात आले. लुईजी जॉर्जी नावाचा इटालियन कोरीवकार त्या सुमारास तेथे काम करीत होता. परंतु १९११ च्या ऑक्टोबरमध्ये क्रांती झाली आणि राजवटच संपली. त्यामुळे ‘लांब मिशीचा ड्रॅगन’ यासारखे नमुने अत्यल्प संख्येत राहिले आणि आज ते संग्राहकांचे परम आकर्षण ठरले आहेत. १९१४ मध्ये प्रजासत्ताकाने चलनाचा कायदा केला आणि अध्यक्ष युआन शिकाई यांच्या मुखाचा डॉलर आला. लोक त्याला ‘युआनचे मोठे डोके’ म्हणत. तो कोट्यवधींच्या संख्येत निघाला, म्हणून साधा डॉलर दुर्मिळ नाही. मात्र जॉर्जी याची सही कोरलेले नमुने अत्यंत दुर्मिळ आहेत. क्वेइचौ प्रांताने १९२८ मध्ये नव्या रस्त्याच्या स्मरणार्थ चक्क मोटारगाडीचे चित्र असलेला डॉलर काढला. आणि १९३२ चा सुन यत्-सेन डॉलर तर राजकारणाचा बळी. त्यावर शिडाचे गलबत, उगवता सूर्य आणि वर उडणारे तीन पक्षी होते. जपानने नुकताच मांचुरिया गिळला होता आणि शांघायवर बाँब टाकले होते. पक्षी म्हणजे जपानी विमाने आणि सूर्य म्हणजे जपानचे चिन्ह, असा अर्थ लोक काढतील या भीतीने ते नाणे मागे घेण्यात आले, असे सांगितले जाते. १९३३ आणि १९३४ च्या डॉलरांवर गलबत राहिले. पक्षी आणि सूर्य गेले.

अमेरिकेने १९३४ मध्ये चढ्या भावाने चांदी खरेदी करण्याचा कायदा केला, तेव्हा चीनमधील चांदी बाहेर वाहू लागली. नोव्हेंबर १९३५ मध्ये चीनने चांदीचे चलन सोडून कागदी चलन स्वीकारले. नाण्यांचे युग संपले आणि संग्राहकांचे सुरू झाले.

येथे सराफ आणि संग्राहक यांच्या कामातील मूलभूत भेद लक्षात घ्यावयास हवा. जुना सराफ एकच प्रश्न विचारीत असे : चांदी खरी आहे का? कारण डॉलरची किंमत बहुतांशी त्यातील चांदीइतकीच होती, आणि ठकाचा नफा चांदी कमी घालण्यातच होता. दुर्मिळ नाण्याची आजची किंमत त्यातील चांदीच्या शेकडो पट असू शकते. त्यामुळे आजचा ठक चांदीत कंजुषी करीत नाही. तो पूर्ण कसाची चांदी घेतो, अचूक वजन ठेवतो आणि खोटे पाडतो ते फक्त नाणे. म्हणून संग्राहकाचा प्रश्न अधिक अवघड आहे : चांदी खरी असेल, पण नाणे खरे आहे का? धातूच्या परीक्षेत नापास झालेले नाणे निश्चित खोटे. परंतु त्या परीक्षेत उत्तीर्ण झालेले नाणे खरे ठरतेच असे नाही.

तरीही आरंभ धातूपासूनच करावा, कारण बाजारातील बहुसंख्य खोटी नाणी पहिल्याच पायरीवर गळतात. शंभरावा भाग दाखविणारा वजनकाटा आता प्रत्येक सराफी पेढीत असतो. युआन डॉलरचे कायदेशीर वजन २६.८६ ग्रॅम, वापरलेले नाणे झिजेमुळे थोडे कमी भरते. ते २५ ग्रॅमच्या आसपास किंवा २८ च्या वर असेल, तर पुढे पाहण्याचे कारण नाही. दुसरी परीक्षा विशिष्ट गुरुत्वाची. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा. मग नाणे बारीक दोऱ्याने त्या पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला वा बाजूला टेकणार नाही, असे धरावे. काट्यावर जो आकडा येईल, त्याने नाण्याच्या वजनाला भागावे. समजा, नाण्याचे वजन २६.७० ग्रॅम आणि पाण्यातील आकडा २.५९, भागाकार १०.३ येतो. शेकडा ८८ ते ९० चांदी आणि उरलेले तांबे असलेल्या मिश्रणाचे विशिष्ट गुरुत्व इतकेच असते. जर्मन सिल्व्हरचे नाणे असेल तर पाण्यातील आकडा ३.१ च्या जवळ जाईल आणि भागाकार ८.६ वर येईल. कँटनच्या शाळेत शिकविली जाणारी कोरीव डॉलरची लबाडीही यात बहुधा उघडी पडते. लोहचुंबकाला चिकटले तर ते चांदीचे नाणे नव्हेच.

नाद ही जुनी परीक्षा. चीनमध्ये डॉलर दोन बोटांत धरून कडेवर फुंकर मारीत आणि झटकन कानाशी नेऊन त्याची बारीक, लांबणारी झंकार ऐकत. मराठीत सचोटीच्या माणसाविषयी ‘त्याचे नाणे खणखणीत आहे’ असे म्हटले जाते, ते याच अनुभवावरून. परंतु मौल्यवान नाणे फरशीवर आपटून पाहणे म्हणजे परीक्षेपायी त्याचे मोल घालविणे होय. शिवाय अदृश्य तडा गेलेले खरे नाणेही बद्द वाजते.

यानंतरचे काम भिंगाचे. साच्यात ओतलेल्या नाण्यावर सुईच्या अग्राएवढे खड्डे आणि बुडबुडे दिसतात. अक्षरांच्या कडा मऊ, जणू विरघळलेल्या असतात. धातू निवताना आकसत असल्याने व्यासही थोडा कमी भरतो. साच्याचा सांधा कडेवर येतो, म्हणून तो कानशीने घासलेला असतो. यासाठी कड नेहमी सर्व बाजूंनी फिरवून पाहावी. तिच्यावरील उभ्या रेघा सारख्या अंतराने आणि स्वच्छ हव्यात. यंत्रावर पाडलेली खोटी नाणी अधिक फसवी. ती पाडण्यासाठी बहुधा एखाद्या खऱ्या नाण्यावरून ठसा तयार करतात. मात्र त्या खऱ्या नाण्यावरचा ओरखडा, खड्डा, झीज हे सारे त्या ठशात उतरते आणि प्रत्येक प्रतीवर पुन्हा पुन्हा येते. दोन वेगवेगळ्या नाण्यांवर अगदी एकाच जागी एकाच आकाराचा ओरखडा दिसला, तर दोन्ही संशयित मानावीत. तिसरा प्रकार खऱ्या नाण्यावर केलेल्या कारागिरीचा : साध्या डॉलरवर दुर्मिळ सही कोरणे, वर्षाच्या अंकातील एखादी रेघ खरवडणे, सराफाच्या ठशाने पडलेला खड्डा भरून काढणे. उलट, जुन्या ठशांना आता स्वतंत्र चाहते मिळाल्यामुळे नवे ठसे मारण्याचाही उद्योग चालतो.

हे ओळखण्यासाठी तुलना हवी आणि तुलनेसाठी ग्रंथ हवेत. शांघायमध्ये चांदीच्या व्यवहारात आयुष्य घालविलेल्या एडुआर्ड कान यांची १९५४ ची सचित्र सूची आजही प्रमाण मानली जाते. लिलावाच्या पुस्तिकांत नाण्यापुढे ‘कान’ क्रमांक असतो तो याच ग्रंथातील. ‘आधी ग्रंथ, मग नाणे’ हा क्रम ज्याने पाळला त्याचे नुकसान कमी होते. पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकन संस्था नाणे तपासून, प्रत ठरवून, क्रमांकासह सीलबंद पेटीत देतात. मोठ्या रकमेच्या खरेदीत असे प्रमाणपत्र असणे इष्ट. परंतु ठकांनी त्या पेट्यांचीही नक्कल केली आहे. म्हणून क्रमांक संस्थेच्या नोंदीशी आणि पेटीतील नाणे नोंदीतील छायाचित्राशी पडताळून पाहावे. सर्वांत शेवटी पाहावा तो विक्रेता. तो पावतीवर नाण्याचे पूर्ण वर्णन लिहून देतो का? खोटे निघाल्यास परत घेण्याचे लेखी मान्य करतो का? जो कचरतो, त्याने आपला ठसा मारण्यास नकार दिला, असे समजावे.

घरातील जुन्या पेटीत असे एखादे नाणे सापडले, तर पहिला मोह ते उजळविण्याचा होतो. चिंच, लिंबू, रांगोळी, घासण्याची पूड यांपैकी काहीही त्याला लावू नये. चांदीवर वर्षानुवर्षे साचलेली करडी-निळसर छटा हा मळ नसून नाण्याच्या वयाचा पुरावा असतो. घासलेल्या नाण्याची किंमत बरीच उतरते आणि ती परत येत नाही. नाणे कडेने धरावे, कोरड्या जागी ठेवावे, कोणाकडून आणि केव्हा आले ते चिठ्ठीवर लिहावे. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरातन वस्तूंविषयक कायद्याच्या कक्षेत येऊ शकते, म्हणून असे नाणे देशाबाहेर नेण्यापूर्वी कायद्याची चौकशी करावी.

इतकी दक्षता घेऊनही एखाद्या दिवशी संग्राहकाच्या हाती खोटे नाणे येते. खरी परीक्षा तेथे सुरू होते, आणि ती नाण्याची नसते. समजा, एखाद्या गृहस्थाने मोठी रक्कम देऊन तीन पक्ष्यांचा डॉलर घेतला आणि वर्षभराने तो खोटा असल्याचे कळले. विक्रेता हात वर करतो. त्याच वेळी दुसरा कोणी हौशी, अननुभवी माणूस तेच नाणे खरेदी किमतीला मागतो. काही खोटे बोलण्याचीही गरज नाही. फक्त गप्प बसावयाचे. ‘मला जसे मिळाले तसे मी दिले’ ही पळवाट येथे मोठ्या सोज्वळ चेहऱ्याने उभी राहते. श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत खऱ्याच्या नावाने नकली माल खपविण्याला ‘प्रतिरूपक व्यवहार’ असे स्वतंत्र नाव आहे. व्यापाऱ्याला हा मोह वारंवार पडणार हे जाणूनच ते वेगळे सांगितले असावे. फसवणुकीची साखळी कोणाच्या तरी हातात तुटावी लागते, आणि ज्याला सत्य कळले त्याच्याच हातात ती तुटू शकते.

त्या गृहस्थाने काय करावे? तोटा वहीत तोटा म्हणून लिहावा. कायद्याने दाद मागता येत असेल तर मागावी. आणि ते नाणे फेकू नये, विकूही नये. त्याच्या पाकिटावर ‘खोटे’ असे शाईने स्पष्ट लिहावे, त्याखाली कशावरून ओळखले ते लिहावे : पाण्यातील आकडा, कडेवरची कानशीची खूण, पक्ष्याच्या पंखाजवळचा तो पुन्हा पुन्हा येणारा ओरखडा. मग ते खऱ्या नाण्याशेजारी ठेवावे आणि घरातील मुलांच्या हाती भिंग देऊन दोहोंतील फरक त्यांनाच शोधू द्यावा. कँटनचे शिक्षक खोटे डॉलर जपून ठेवीत, ते याचसाठी.